ठेवू की टाकू? दिवाण, माळा आणि चिंध्यांचं गाठोडं

मागच्या अंकात विचारलं होतं की दिवाळीच्या आवराआवरीत तुमचं कुठे अडतं ते कळवा. मला वाटलं डाग, वाळवी, पावसाळ्यानंतरचा कुबट वास असलं काहीतरी येईल, पण निम्म्याहून जास्त पत्रं एकाच गोष्टीवर आली, साठवलेल्याचं काय करायचं. कुणी क्राफ्टसाठी साठवलंय, कुणी आठवण म्हणून, आणि बऱ्याच जणींचं दोन्ही एकाच पिशवीत आहे. त्यातली पाच पत्रं इथे घेतलीत. नावं मुद्दाम छापत नाहीये.

प्रश्न : ताई नमस्कार, मी डोंबिवलीला राहते, वन बीएचके, घरात आम्ही चौघं. मला हातकामाची फार आवड, रुखवताच्या वस्तू, तोरणं, गौरीची सजावट सगळं करते, वर्षाला दोन-तीन ऑर्डरी पण येतात. त्यामुळे काही टाकवतच नाही. आइस्क्रीमच्या काड्या, काचेच्या बरण्या, लग्नपत्रिका, फुटक्या बांगड्या, करवंट्या, साड्यांचे काठ, शिंप्याकडून आणलेली कात्रणं... दिवाणाचे दोन्ही बॉक्स भरलेत, आता गॅलरीत जिथे मुलगा अभ्यासाला बसायचा तिथे पण खोकी आलीत. मिस्टर म्हणतात रविवारी भंगारवाल्याला बोलावतो. आणि टाकलं की आठवड्यात नेमकं तेच लागतं हो! हे चुकीचं आहे का? त्याच पिशव्यांत माझ्या आजीच्या लुगड्याचा एक तुकडा पण आहे कुठेतरी, दोन वर्षं झाली सापडत नाहीये.

उत्तर : तुमचं शेवटचं वाक्य मी परत परत वाचलं. सगळं साठवलंत आणि जे खरंच जपायचं होतं तेच हरवलं. म्हणून उत्तर तिथूनच सुरू करते.

तुमच्या दिवाणात दोन वेगळ्या जातीच्या वस्तू आहेत, एक कामाच्या आणि एक माणसाच्या. काड्या, बरण्या, कात्रणं या कामाच्या, एक गेली तर दुसरी मिळते. आजीच्या लुगड्याचा तुकडा माणसाचा, तो गेला की गेला. या दोन्ही एकत्र ठेवल्या की काय होतं, कामाची वस्तू टाकताना पण हात थरथरतो कारण मनात भीती की चुकून "ते" जाईल, आणि माणसाची वस्तू मात्र काड्यांच्या ढिगाखाली चेपून पडते, ना दिसते ना कुणाला दाखवता येते. मी गेली कित्येक वर्षं शिवणाचे आणि हस्तकलेचे वर्ग घेते, माझ्याकडे येणाऱ्या बायकांच्या घरात हेच बघते. पसारा जास्त असतो असं नाही, सरमिसळ जास्त असते.

तर रविवारी भंगारवाला नको, रविवारी फक्त आजीचा तुकडा शोधायचा. एवढंच काम. एक जुनी चादर जमिनीवर अंथरा, एका वेळी एकच पिशवी ओता, काही टाकायचं नाही की निवडायचं नाही, फक्त माणसाच्या वस्तू बाजूला काढायच्या. तुकडा तर निघेलच, आणि बघा अजून चार गोष्टी निघतील ज्या तुम्ही विसरला होतात. त्या एका डब्यात, आणि तो डबा कपड्यांच्या कपाटात ठेवायचा, क्राफ्टच्या सामानात परत कधीच जाऊ द्यायचा नाही. मिस्टरांनाही शोधायला बसवा. एकदा तो तुकडा त्यांच्या हातात आला ना की भंगार हा शब्द ते जरा जपून वापरतील असं मला वाटतं.

मग कामाचं सामान. त्याला एकच प्रश्न विचारायचा, कधी? कशासाठी हे तुम्हाला नेहमीच सांगता येईल, तुमच्यासारखीला करवंटीचे दहा उपयोग सुचतात, तीच तर कला आहे. पण कधी? आइस्क्रीमच्या काड्यांचा पेनस्टँड करायला पन्नास-साठ काड्या लागतात, रुखवतातलं छोटं घर करायचं म्हटलं तर दीडशे-दोनशे धरा. तुमच्याकडे किती आहेत आणि गेल्या दोन वर्षांत तुम्ही किती वापरल्यात ते मोजा, म्हणजे खरंच मोजा, अंदाजाने नको. दोन वर्षांत जेवढं वापरलं तेवढं ठेवायचं, वरचं द्यायचं. द्यायचं म्हणतेय, टाकायचं नाही. "टाकलं की लागतं" हे खरं आहे, पण कारण असं की टाकल्यामुळे ती वस्तू ताजी ताजी डोक्यात असते. नाहीतर ती दिवाणात आहे हेच आठवलं नसतं आणि तुम्ही बाजारातून नवीन आणली असती, असं पण झालंच असेल की कितीदा.

आता जे ठेवाल ते टिकतं का हेही बघायला हवं, यावर कुणी बोलतच नाही. रबरबँड आणि इलास्टिक दोन उन्हाळ्यांत चिकट होतात आणि ज्याला गुंडाळलेत त्याचा पण नाश करतात, ते साठवूच नका. उघडलेला फेविकॉल, फॅब्रिक कलर, थ्रीडी आउटलायनर सुकतात. फोम भुरभुरतो. पुठ्ठ्याची खोकी आणि लग्नपत्रिका यांच्यात कसर आणि झुरळांची अंडी फार, आणि गॅलरीत ठेवलीत म्हणजे पावसाची ओल आलीच, तर सगळ्यात आधी ती हलवा. पत्रिकेचा फक्त गणपती किंवा बॉर्डर कापून घ्या, बाकी कागद रद्दीत, शंभर पत्रिकांचा गठ्ठा एका वहीच्या जाडीवर येतो. करवंटी आतून पॉलिश पेपरने घासून उन्हात वाळवून मगच ठेवायची, खोबऱ्याचा अंश राहिला की बुरशी धरते. बरण्या झाकण काढून ठेवा, नाहीतर लोणच्याचा वास आयुष्यभर जात नाही. लेस आणि काठ टाचणी लावून ठेवू नका, गंजाचा डाग पडतो, पुठ्ठ्याच्या पट्टीवर गुंडाळा आणि टोकाला एक टाका घाला. आणि बटणं. बटणांना काही होत नाही, जागा लागत नाही, तेवढी हवी तितकी ठेवा, मी कुणालाच बटणं टाकायला सांगत नाही.

कात्रणं मात्र वितीपेक्षा लहान असतील तर वेगळी काढून उशीत भरा नाहीतर पायपुसण्यात वापरा.

चुकीचं आहे का विचारलंत. चंदीगडचं रॉक गार्डन ऐकलं असेल. नेकचंद तिथे सरकारी खात्यात रोड इन्स्पेक्टर होते, नवीन शहर उभारायला जुनी गावं पाडली होती, त्या ढिगाऱ्यातून आणि इकडून तिकडून फुटक्या बांगड्या, कपबश्या, टाइल्स, विजेचे मोडके सॉकेट ते गोळा करायचे. १९५७ च्या सुमाराला सुरुवात केली आणि जवळजवळ अठरा वर्षं जंगलातल्या एका घळीत कुणाला न सांगता त्यातून माणसं, प्राणी, भिंती, वाटा करत राहिले. सरकारला कळलं तेव्हा ते सगळं बेकायदा होतं, पाडायची वेळ आली होती, लोकांनी आग्रह धरला म्हणून वाचलं, १९७६ ला बाग सगळ्यांसाठी उघडली आणि १९८४ ला त्यांना पद्मश्री मिळाली. त्यांच्याकडे बांगड्यांचे तुकडे तुमच्यापेक्षा कितीतरी जास्त असतील. पण त्या बांगड्या बाहुल्यांच्या अंगावर चढत होत्या, रोज संध्याकाळी काम सुटल्यावर. तुमच्या बांगड्या कधीपासून पिशवीत आहेत तेवढं बघा. आणि मुलाची अभ्यासाची जागा त्याला या आठवड्यातच परत द्या, त्यासाठी बाकी आवरायची वाट बघू नका.

प्रश्न : मी नाशिक जिल्ह्यात प्राथमिक शाळेत शिकवते. पालक प्रेमाने पिशव्या भरभरून "क्राफ्टला होईल" म्हणून आणून देतात, वर्गाचं कपाट बंद होत नाही. नाही म्हणायचं कसं आणि घ्यायचं काय?

उत्तर : नाही म्हणू नका, यादी द्या. लोकांना द्यायचं असतंच, काय द्यायचं ते कळत नाही म्हणून सगळं देतात. महिन्याला एकच वस्तू मागायची, या महिन्यात रिकाम्या काडेपेट्या आणि जळलेल्या काड्या, पुढच्या महिन्यात बाटल्यांची बुचं, त्याच्या पुढे जुनी वर्तमानपत्रं. महिना संपला की त्यातलं उरलेलं परत द्यायचं, पुढच्या वर्षीसाठी ठेवायचं नाही.

अरविंद गुप्ता यांचं काम तुम्हाला माहीत असेलच, टाकाऊ वस्तूंपासून विज्ञानाची खेळणी. इंजिनीअर माणूस, पुण्यात ट्रकच्या कारखान्यात होते, तिथून १९७० च्या दशकात मध्य प्रदेशात होशंगाबादच्या विज्ञान शिक्षणाच्या कामात गेले आणि तिथल्या आठवडी बाजारात जे स्वस्तात मिळतं त्यातून खेळणी करायला लागले. सायकलच्या व्हॉल्व्ह ट्यूबचे छोटे तुकडे आणि काडेपेटीतल्या काड्या, बस, एवढ्यावर त्रिकोण, चौकोन, घन, पिरॅमिड सगळी भूमिती मुलांच्या हातात येते. चौकोन दाबला की वाकडा होतो, त्रिकोण होत नाही, हे मूल स्वतः दाबून बघतं, मग पूल आणि छपरात त्रिकोण का असतात हे वेगळं शिकवावं लागत नाही. नंतर पुण्याच्या आयुका या खगोलशास्त्राच्या संस्थेतल्या मुलांच्या विज्ञान केंद्रात त्यांनी हेच वर्षानुवर्षं केलं, २०१८ ला पद्मश्री मिळाली, आणि या खेळण्यांचे व्हिडिओ मराठीतसुद्धा फुकट बघायला मिळतात. त्यातली आठ-दहा निवडा, वर्षभराची यादी तिथेच तयार होते.

फुटलेल्या सीएफएल, ट्यूबलाइट, जुने सेल मात्र अजिबात घेऊ नका, कुणी कितीही आग्रह केला तरी. सीएफएल आणि ट्यूबलाइटमध्ये पारा असतो.

प्रश्न : ताई, आई जाऊन सात महिने झाले. आम्ही साताऱ्याचे, मी मोठी मुलगी, धाकटी बहीण पुण्याला, भाऊ घरीच असतो. आईच्या साठ-सत्तर साड्या आहेत, चष्मा, तिच्या अक्षरातल्या किराणाच्या याद्या, अर्धवट विणलेलं एक बाळाचं टोपडं. वहिनीला कपाट हवंय आणि तिचं चुकत नाही. पण मी कपाट उघडते, वास येतो आणि परत बंद करते. सगळं ठेवणं शक्य नाही, पण देताना आईलाच देऊन टाकतेय असं वाटतं.

उत्तर : तुमचं पत्र वाचून मला थोडा वेळ काही लिहवलं नाही. माझ्या आईचं कपाट मी अकरा महिन्यांनी उघडलं होतं, तर तुम्ही उशीर करताय असं अजिबात नाहीये.

वर डोंबिवलीच्या ताईंना लिहिलंय की कामाच्या वस्तूला विचारायचं कधी. माणसाच्या वस्तूला तो प्रश्न लागू नाही. तिला विचारायचं, ही कोण कोण ओळखेल? म्हणजे ही साडी समोर ठेवली तर तुम्ही तिघं भावंडं एकदम म्हणाल का की "ही आईची, ती अमक्याच्या मुंजीतली"? साठ साड्यांत अशा आठ-दहाच निघतात. बाकीच्या साड्या आईकडे होत्या पण त्यांच्यात आई तेवढी नाहीये, कुणी आहेरात दिलेली, कधी घडीच न मोडलेली. त्या देताना आई जात नाही. हे मी समजूत घालायला सांगत नाहीये, करून बघा, तिघं एकत्र बसा, वहिनींनाही बसवा, आणि साडी वर धरली की जो बोलतो त्याला बोलू द्या. अर्धा दिवस जाईल आणि रडू येईल, येऊ दे.

ज्या रोजच्या सुती साड्या आहेत, मऊ झालेल्या, त्यांची गोधडी करा. आपल्याकडे हे पूर्वीपासूनच आहे, आजीचं लुगडं फाटलं की त्याची गोधडी, चौघडी, बाळासाठी दुपटी, झबली, कारण नवीन कापड कितीही महाग आणलं तरी शंभर वेळा धुतलेल्या लुगड्याचा मऊपणा त्याला येत नाही आणि बाळाच्या अंगाला तेच लागतं. एका माणसाच्या गोधडीला सहावारी तीन-चार साड्या पुरतात. आधी फॉल उसवून काढा, धुऊन कडक उन्हात वाळवा, फाटका आणि विरलेला भाग आतल्या थरात, चांगला भाग वर आणि खाली. सुतीत सुतीच घाला, सिंथेटिक मिसळलं की एक आकसतं दुसरं नाही आणि चार धुण्यांत गोधडी गोळा होते. जमिनीवर ताणून अंथरायची, कच्चे टाके घालून घ्यायचे आणि मग कडेने धावदोरा सुरू करून चौकटीत चौकट करत मध्यापर्यंत यायचं. मशीनवर पटकन होते, माहीत आहे, पण ही हाताने करा, आणि तिघींनी करा, तुम्ही, बहीण आणि वहिनी. बहीण पुण्याहून आली की चार ओळी घालेल. कुणाचा टाका लांब, कुणाचा बारीक, तो तसाच राहू द्यायचा.

कर्नाटकात उत्तर कन्नड भागातल्या सिद्दी बायका अशाच जुन्या कापडांची कवंदी, म्हणजे त्यांच्याकडची गोधडी, करतात, आणि शेवटी चारही कोपऱ्यांवर कापडाच्या घड्या घालून फूल बसवतात, त्याला फुला म्हणतात, त्याच्याशिवाय कवंदी उघडी वाटते म्हणे त्यांना. बंगालमध्ये कांथा भरताना जुन्या साडीच्या काठातलेच रंगीत दोरे ओढून काढायचे आणि त्यानेच भरायचं अशी रीत होती. तुम्हालाही आईच्या एखाद्या साडीचे काठ विरले असतील तर त्यातला दोरा काढून बघा, सगळ्या गोधडीला नाही पुरणार पण एका कोपऱ्यात तिचं नाव भरायला पुरेल.

ज्या रेशमी, जरीच्या ठेवणार आहात त्यांच्यासाठी थोडं. प्लास्टिकच्या पिशवीत नको, धुतलेल्या मलमलीत गुंडाळा. डांबरगोळ्या जरीला लागू देऊ नका, त्यापेक्षा कडुलिंबाचा वाळलेला पाला नाहीतर लवंगांची पुरचुंडी बाजूला ठेवा. स्टार्च घातलेली सुती साडी तशीच ठेवायची नाही, कसर आधी खळीवर येते. आणि वर्षातून दोनदा घडी बदला, एकाच घडीवर राहिली की साडी तिथेच फाटते, जरीचा पदर तर नक्कीच.

द्यायच्या साड्यांबद्दल. आमच्या लहानपणी बोहारीण दारात यायची, डोक्यावर स्टीलच्या भांड्यांची पाटी, आणि आई दोन साड्यांवर एक पातेलं घेताना तासभर घासाघीस करायची. त्या बायका अजून आहेत आणि तुमच्या साड्या त्या पुढे जुन्या कपड्यांच्या बाजारात विकतात, म्हणजे कुणीतरी त्या नेसणार आहे. मला हे कपाटात कुजण्यापेक्षा कितीतरी चांगलं वाटतं. गूंजसारख्या संस्था जुने कपडे घेतात, त्यातल्या सुती कापडाचे सॅनिटरी पॅडपण तयार करतात. एक सांभाळा, जुनी जर विकत घेणारे दारावर येतात, त्यांना खऱ्या जरीतली चांदी हवी असते आणि साडी ते जाळतात. पैसे मिळतात, पण आईची साडी जळणार आहे हे आधी माहीत असू दे, आणि विकायचीच असेल तर ओळखीच्या सराफाला दाखवून किंमत काढा.

अर्धवट टोपडं पूर्ण करू नका असं मी सांगेन. हे माझं मत, तुम्हाला वेगळं वाटलं तर तसं करा. सुईसकट ठेवा, फक्त सुई लोखंडी असेल तर काढून त्या फासात एक सुती दोरा ओवून ठेवा म्हणजे गंज लागणार नाही आणि उसवणार नाही. याद्यांचे चांगल्या उजेडात फोटो काढून तिघांकडे ठेवा, कागद लॅमिनेट करू नका, ते परत सुटत नाही, साध्या वहीच्या पानांमध्ये सपाट ठेवा, सेलोटेप नको.

पुण्याचं राजा दिनकर केळकर संग्रहालय तुम्ही पाहिलं नसेल तर बहिणीकडे जाल तेव्हा जाऊन या. दिनकर केळकरांचा एकुलता एक मुलगा राजा लहानपणीच गेला, संग्रहालय त्याच्या नावाने आहे. आत अडकित्ते, समया, दौती, फण्या, दरवाजे, भांडी, वाद्यं, लोकांच्या घरातल्या रोजच्या वस्तू वीस हजारांच्या वर, त्यातल्या थोड्याच मांडून ठेवता येतात. पन्नासहून जास्त वर्षं त्यांनी हे गावोगाव फिरून जमवलं आणि १९७५ ला सगळं राज्य सरकारच्या स्वाधीन केलं. मी तिथे प्रत्येक वेळी त्या अडकित्त्यांसमोर थांबते. कुणाच्या हातातले होते माहीत नाही, पण वापरून झिजलेली मूठ दिसते. तुमच्या आईचा अडकित्ता, विळी, पोळपाट असं काही असेल तर ते वहिनींना सांगून स्वयंपाकघरात वापरात ठेवा, कपाटात नको.

प्रश्न : माझे वडील ७१ वर्षांचे, एकटे राहतात, आई चार वर्षांपूर्वी गेली. वर्तमानपत्रं, बंद पडलेले मिक्सर, वायरी, औषधांच्या रिकाम्या बाटल्या, सगळं साठवतात. स्वयंपाकघराचं दार आता पूर्ण उघडत नाही, पलंगावर सामान असल्यामुळे ते खुर्चीत झोपतात. मागच्या महिन्यात ते दवाखान्यात गेले असताना मी दोन पोती भरून बाहेर टाकली, तेव्हापासून ते माझ्याशी बोलत नाहीत. मी काय चुकलो?

उत्तर : तुम्ही काळजीपोटीच केलंत, पण त्यांच्यामागे टाकायला नको होतं. त्यांच्यासाठी ती चोरी झाली. आधी जाऊन तेवढं कबूल करा, पुढचं काही न बोलता.

आणि हे दिवाणातल्या काड्यांसारखं नाहीये, हे वेगळं आहे. पलंगावर झोपता येत नाही, स्वयंपाकघर वापरता येत नाही, वस्तूची किंमत काहीही असो टाकायचा विचारसुद्धा सहन होत नाही, याला डॉक्टर आजार म्हणतात, इंग्रजीत होर्डिंग डिसऑर्डर. आधी तो मंत्रचळाचाच, म्हणजे ओसीडीचा भाग समजला जायचा, २०१३ मध्ये अमेरिकन मानसोपचार संघटनेच्या यादीत त्याला वेगळं स्थान मिळालं आणि आता जागतिक आरोग्य संघटनेच्या यादीतही आहे. म्हणजे हा हट्टीपणा नाही की आळस नाही. बऱ्याच जणांत तो तरुणपणीच हळूहळू सुरू झालेला असतो, घरातलं दुसरं माणूस आवरत असतं तोवर दिसत नाही, तुमच्या आई ते करत असतील का आठवून बघा. आणि जर हे खरंच उतारवयात नव्याने सुरू झालं असेल तर डिप्रेशन किंवा विस्मरणाचा आजार नाही ना हे तपासावं लागतं, म्हणून मानसोपचारतज्ज्ञाला दाखवणं गरजेचं आहे. बोलून करायची उपचारपद्धत आहे, सीबीटी म्हणतात, फरक पडतो पण सावकाश. तुमच्या गावात कुणी माहीत नसेल तर १४४१६ हा टेलिमानसचा, म्हणजे मानसिक आरोग्याच्या मदतीचा सरकारी नंबर आहे, फुकट, चोवीस तास, मराठीत बोलतात, आधी तुम्ही स्वतः फोन करून सगळं सांगा.

तोपर्यंत घर आवरायचा विषयच काढू नका, फक्त जीव सांभाळायचं बोला. बाबा, पलंगापासून दारापर्यंत आणि संडासापर्यंत एक वाट मोकळी करूया, पडलात तर मी लांब आहे. गॅसच्या शेगडीजवळ कागद नको. उघड्या वायरी प्लगला लावलेल्या नको. या तीनच गोष्टी, आणि त्यासाठी सामान हलवायचं तर ते त्यांनी हलवायचं, तुम्ही हात लावायचा त्यांनी सांगितल्यावर. एका भेटीत एक वाट झाली तरी खूप झालं. नाही झाली तर चहा घेऊन परत या, पुढच्या रविवारी परत जा. त्या ढिगात तुमच्या आईचं काय काय आहे हे विचारून बघा, मला खात्रीने सांगता येणार नाही पण चार वर्षांचा हिशोब बघता कदाचित त्यांना कुणी ते विचारलंच नसेल.

प्रश्न : मुलीचं पहिलं झबलं, कुंची आणि बारशाचं दुपटं ठेवलंय, ती आता नववीत आहे. तिला मोठेपणी कळावं की कुठलं काय, म्हणून कापडावर नाव तारीख लिहायची आहे. बॉलपेनने लिहू का?

उत्तर : बॉलपेन नको, मार्करही नको, शाई पसरते आणि पिवळी पडते. सुती नाडीचा बोटभर तुकडा घ्या, त्यावर साध्या शिसपेन्सिलीने लिहा, पेन्सिलीचं अक्षर शाईसारखं पसरत नाही आणि वर्षानुवर्षं वाचता येतं. ती नाडी कापडाच्या शिवणीवर दोन सैल टाक्यांनी अडकवा म्हणजे काढायची झाली तरी भोक पडत नाही. जपून ठेवायचं कापड खळ न घालता धुतलेलं आणि पूर्ण कोरडं हवं, दुधाचा डाग राहिला असेल तर आज दिसत नसला तरी पुढे पिवळा पडतो. कुंची कुणी शिवली तेही लिहा, नुसती तारीख नको.